उपडे ग्लास

११ सप्टेंबर, सोमवार

लाइल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. छप्पर जागेवर आहे, तळं जागेवर आहे, मीही आहे.

लिहायचं कारण असं, की मला शाळेत जावं लागणार आहे.

बारमागे उभं राहण्याचा माझा परवाना संपला. पूर्वी एल्डन गावचा कारकून होता तेव्हा तो स्वतःच अर्ज घेऊन बारवर यायचा, मी सही करायचे, तो एक बिअर पिऊन जायचा. तो निवृत्त होऊन मुलीकडे गेला. त्याच्या जागी ट्वायला आली. तुझ्या वर्गातली, दात पुढे असलेली. दात आता नीट आहेत.

ती म्हणाली, "आर्लिस, तुझा परवाना संपून दोन वर्षं उलटली की गं."

म्हटलं, "मग एवढे दिवस मी तिथं काय करत होते?"

"ते मला सांगू नकोस. मी काही ऐकलेलं नाही."

राज्याचा नियम आहे. दारू वाढणाऱ्या प्रत्येकाने ती जबाबदारीनं कशी वाढायची याचा अभ्यासक्रम करायचा. कुणाला द्यायची, कधी थांबवायचं, कसं थांबवायचं. काही शनिवार वर्ग, शेवटी परीक्षा. गावच्या मंडळाची ऑक्टोबरची बैठक व्हायच्या आत प्रमाणपत्र दाखवलं नाही, तर हिवाळाभर मला माझ्याच बारमागे उभं राहता येणार नाही. सध्या डोरीन उभी राहते, तिचा परवाना चालू आहे. आजवर मी ओतायचे आणि ती ताटं न्यायची. आता उलट. तिला हे फार मानवलंय. "अगं, खिडकीजवळच्यांना कोबीची कोशिंबीर कुणी द्यायची, मी?" असं सगळ्यांदेखत ओरडते.

बाबा गेल्यावर तुला ही जागा विकायची होती, मला नव्हती. तेव्हा आपण पुष्कळ बोललो. माझ्या लक्षात एकच वाक्य राहिलं. तू गाडीत बसताना म्हणालास, या जागेत 'नाही' हा शब्द कुणाला येत नाही. आता सरकार मला तो शिकवणार आहे. तुला हसू येईल असं वाटलं, म्हणून लिहिलं.

तू पिणं सोडलंस ते बरं केलंस. तेव्हा मी हे म्हटलं नाही, कारण तेव्हा तू ओरडत होतास.

वर्न तुझ्याबद्दल विचारत होता. "तिकडं अ‍ॅरिझोनात मासे असतात का गं?" म्हटलं, मला काय ठाऊक. त्यानं यंदा शाळेची बस चालवणं सोडलं. त्याच्याकडे आता वेळ असतो. माझ्या पन्हळी नीट करून दिल्या.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

आर्लिस


१८ सप्टेंबर, सोमवार

लाइल,

पहिला वर्ग झाला.

तंत्रशाळेतल्या ज्या खोलीत वेल्डिंगची पुस्तकं ठेवतात तिथं आम्हाला बसवलं. बाकं लहान. सगळे आजूबाजूच्या तळ्यांवरचे, बार चालवणारे किंवा ताटं नेणारे. माझ्या मागे हार्लन होता. वरच्या तळ्याकाठी त्याचा बार आहे, पोट पूर्वीपेक्षा पुढे आहे. त्याच्या मुलानं त्याला जबरदस्तीनं पाठवलं होतं. तो आल्या आल्या म्हणाला, "पन्नास वर्षं दारू ओततोय, आता मला पोरीबाळी शिकवणार."

बाईंचं नाव पा न्या व्हँग. तिशीच्या असतील. आईवडील लाओसकडून आलेल्या ह्मोंग लोकांतले, पण बाई वाढल्या इथं जवळच, वॉसॉत, त्यामुळे बोलतात अगदी आपल्यासारख्या नाकात. त्यांनी हार्लनचं वाक्य ऐकलं होतं. म्हणाल्या, "ओतायला मी शिकवणार नाही, काका. ते तुम्हाला येतं."

मग त्यांनी मला पुढे बोलावलं. टेबल म्हणजे बार. मी बारमागे. त्या दारू चढलेलं गिऱ्हाईक. मी त्यांना थांबवायचं.

एका खुर्चीवर बसून त्या डुलायला लागल्या. टेबलावर मूठ आपटली. "ए बाई! आणखी एक भर!"

मी म्हटलं, "आता पुरे झालं, साहेब."

"पुरे? आत्ता तर आलो! आज माझा कुत्रा मेला!"

"अरेरे. कुठला कुत्रा?"

"ब्यूगल."

"शिकारी होता?"

"सशाचा माग काढायचा. असा कुत्रा होणार नाही." बाईंनी डोळे पुसले.

एवढ्यात मागून हार्लन म्हणाला, "दे गं त्याला एक. माझ्या नावावर. बिचाऱ्याचा कुत्रा मेलाय." आणि खिडकीजवळची बाई म्हणाली, "एक माझ्याकडूनही." ती दोघं थट्टा करत नव्हती, लाइल. तोंडातून निघून गेलं.

बाई उठल्या. डुलणं थांबवलं. म्हणाल्या, "हा कुत्रा मी कधी पाळलाच नव्हता. आणि पाच मिनिटांत त्याच्या नावावर दोन पेग मिळवले."

खूप हसलो. मग त्यांनी शिकवलं, की नुसतं 'नाही' म्हणू नका, 'आज नाही' म्हणा. आणि त्यानंतर तोंड बंद ठेवा. कारणं द्यायला लागलात की समोरचा प्रत्येक कारणाला उत्तर देईल.

शेवटी त्यांनी एक विचारलं. "आपल्याकडे कुणी शेजारच्या स्टुलावरच्याला पाजायचं म्हणाला, आणि त्याच्या हातातला अजून संपला नसेल, तर तुम्ही त्याच्यापुढे एक छोटा ग्लास उपडा ठेवता. पुढचा पेग याचा आलेला आहे, अशी खूण. बरोबर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे कुणाला सांगावं लागत नाही.

"मग त्याला थांबवायची वेळ आली, आणि पुढ्यात तीन ग्लास उपडे आहेत. तेव्हा काय करता?"

हार्लन म्हणाला, "बाई, उपडा ग्लास म्हणजे शब्द आहे. तो पाजावाच लागतो."

"कधीपर्यंत?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात घंटा झाली. तिथं अजून खरी घंटा वाजते.

घरी आले तेव्हा वर्न पायरीवर बसला होता. सरपण फोडून ठेवलं होतं. "आज काय शिकलीस?" म्हणाला. त्याला कुत्र्याचं सांगितलं, बाकी राहिलं.

आर्लिस


२ ऑक्टोबर, सोमवार

लाइल,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र छान आहे. 'कॉपी करू नकोस' एवढंच लिहायला अ‍ॅरिझोनाहून तिकीट लावलंस, हे मी डोरीनला दाखवलं. तिनं कार्ड गल्ल्याच्या वर चिकटवून टाकलं. काढायला सांगितलं तर म्हणते, "बारमागे सध्या मी आहे."

दुसऱ्या वर्गात खुणा झाल्या. माणसाला चढत चालली हे कशावरून ओळखायचं. पुस्तकात यादी आहे: आवाज वाढतो, डोळे लाल होतात, सुटे पैसे उचलताना बोटं चुकतात. घरी येऊन मी एकेकाला त्या यादीशी लावून पाहिलं. बहुतेक जण बसतात.

वर्न बसत नाही. त्याचा आवाज कमी होतो. पहिल्या ब्रँडीला तो अख्ख्या खोलीशी बोलतो, बसमधल्या पोरांचे किस्से सांगतो. दुसरीला शेजाऱ्यापुरता बोलतो. तिसरीनंतर त्याचं ऐकायला पुढे वाकावं लागतं. सगळ्यांना वाटतं, तो शांत झाला, छान बसलाय. मग तो उठतो, टोपी घालतो, आणि तळ्याच्या वळणावरून एकटा गाडी चालवत जातो. बाबांच्या वेळेपासून तो असाच जातो. अजून काही झालेलं नाही. हे वाक्य मी बाईंसमोर बोलले, तर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

शुक्रवारी तेरा तारखेला वर्नचा वाढदिवस आहे. तू असतानाही व्हायचा, तुला आठवतच असेल. सगळे त्याला पाजतात. यंदा जास्तच पाजतील, कारण गावातल्या अर्ध्या लोकांना त्यानं शाळेत नेऊन सोडलंय आणि त्यानं बस सोडल्यावर निरोपाचं काही झालं नव्हतं. परीक्षा पास झाले तर त्या दिवशी मीच बारमागे असेन.

मला हे दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते. तुला इथं कधी कुणी थांबवलं असतं, तर तू ऐकलं असतंस का?

राग आला तर उत्तर देऊ नकोस. मी तुझ्यावर बोलत नाहीये. मला तेरा तारखेचं बघायचंय.

मेपल यंदा लवकर लाल झाले. आता झडताहेत. पन्हळी भरतील पुन्हा.

आर्लिस


११ ऑक्टोबर, बुधवार

लाइल,

पास झाले. हार्लनसुद्धा झाला, त्यानं प्रमाणपत्राला चौकट करून घेतली म्हणे.

माझं एकच उत्तर चुकलं. गिऱ्हाईक गाडी चालवण्याच्या स्थितीत नसेल तर काय कराल, असा प्रश्न होता. मी लिहिलं, डोरीन सोडून येते. बरोबर उत्तर होतं, टॅक्सी बोलवा. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे टॅक्सी नाही, डोरीन आहे. त्या म्हणाल्या, "उत्तरपत्रिकेत डोरीन नाहीये, आर्लिसताई. मी काय करू?" पण हसल्या.

काल मंडळाची बैठक झाली. ट्वायलानं परवाना हातात दिला आणि म्हणाली, "आता कॅलेंडरवर लिहून ठेव." बारमागे परत उभी राहिले तेव्हा डोरीननं फडकं माझ्या खांद्यावर असं टाकलं जणू ती राज्य सोडतेय.

तुझं उत्तर कालच आलं. दोन वाक्यं. 'ऐकलं नसतं. पण लक्षात राहिलं असतं.'

ते मी गल्ल्यावर लावलेलं नाही. एप्रनच्या खिशात आहे.

आर्लिस


१६ ऑक्टोबर, सोमवार

लाइल,

सांगते.

शुक्रवारी पाचलाच बार भरला. दर शुक्रवारचे मासे या वेळी दोन खेपा जास्त तळावे लागले. बटाट्याची धिरडी लोक उभ्याउभ्या खात होते. वर्न नवीन शर्ट घालून आला. तो शर्ट चांगला आहे. त्याला कुणी घेऊन दिला ते मला माहीत आहे.

तो नेहमीच्या स्टुलावर बसला, कोपऱ्यातल्या, भिंतीवरच्या बाबांच्या मोठ्या माशाखाली. त्या माशातला पेंढा आता एका बाजूनं बाहेर येतो. पहिला ओल्ड फॅशन्ड मी केला. साखर, संत्र्याची फोड, दोन चेरी, ब्रँडी, वर गोड सोडा. तो हातात घेतोय तोवर लोक मागून हाका मारायला लागले. "आर्लिस, वर्नला एक माझ्याकडून." "आमच्या टेबलाकडून एक." "माझ्या तिन्ही पोरांना यानं शाळेत नेलंय, एक ठेव गं." मी ठेवत गेले. त्याच्यापुढे उपड्या ग्लासांची ओळ लागली. कुणीतरी त्यावर मेणबत्ती लावली. ती पडली, पुन्हा लावली.

तो बोलत होता. नाल्यात बस अडकली तेव्हा पोरांनी ती ढकलली तो किस्सा, खोलीभर. मी एक ग्लास उचलला, दुसरा पेग केला. मग मासा पुढे ठेवला. म्हटलं आधी खा. त्यानं खाल्लं. तिसऱ्याला मी वेळ लावला, बर्फ आणायला आत गेले, पाणी ठेवलं. हे सगळं पुस्तकात आहे. चालतंही. वेळ जातो.

तिसरा संपला. मी पलीकडे कुणाची तरी बिअर भरत होते. मागे वळले तर वर्न बोलत होता, आणि मला ऐकू येत नव्हतं. शेजारचा पुढे वाकला होता.

त्यानं बोटानं पुढचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "आज नाही, वर्न."

"काय आज नाही?"

मी गप्प राहिले. बाईंनी सांगितलं होतं तसं. लाइल, ते फार कठीण आहे. तोंडात कारणं भरून आली होती.

"अगं, हे मी मागत नाहीये. हे माझे आहेत. लोकांनी दिलेत."

"हो. तुझेच आहेत."

"मग ओत."

"आज नाही."

आता शेजारचे गप्प झाले. मग त्यांच्या शेजारचे. कुणीतरी म्हणालं, "आर्लिस, माणसाचा वाढदिवस आहे." दुसरा म्हणाला, "शाळा शिकून आलीय ना ती." थोडे हसले. वर्न हसला नाही. तो हळू आवाजात बोलला, पण तेव्हा इतकं सामसूम होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझ्या बापानं असं कधी केलं नसतं."

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी कधी केलं नाही."

एवढंच. 

तो उठला. टोपी घातली. दारापर्यंत सरळ चालत गेला. गाडीच्या किल्ल्या बारवर राहिल्या. विसरला की ठेवल्या, मी विचारलेलं नाही. डोरीननं हातातली ताटं मेणबत्तीवाल्याच्या हातात दिली आणि कोट न घालता बाहेर पळाली. ती सांगते, तो रस्त्यानं चालत होता आणि ती काच खाली करून मागेमागे गाडी हळू हाकत होती. "बस रे." "नाही बसत." "बस, थंडी आहे." "तुला कुणी बोलावलं?" चर्चपाशी तो गाडीत बसला. म्हणाला, नवीन बूट चावताहेत.

मी उरलेले ग्लास उचलले नाहीत. म्हणजे उचलले, पण मोरीत टाकले नाहीत. प्रत्येकावर चिकटपट्टी लावली, तीवर वर्न लिहिलं, आणि माशाखालच्या फळीवर ओळीनं उपडे ठेवले. लोक बघत होते.  नंतर मासे खायला बसले सगळे. पण खोलीतला गलका पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

शनिवारी सकाळी डोरीनचा नवरा किल्ल्या घेऊन गाडी पोचवून आला. वर्ननं दार उघडलं, आभार मानले, बंद केलं.

रविवारी तो नेहमीसारखा माझ्याकडे जेवायला आला नाही. मांसाचा तुकडा मोठा आणला होता. मी एकटीनं दोन दिवस खाल्ला.

आर्लिस


६ नोव्हेंबर, सोमवार

लाइल,

तू फोन केलास तेव्हा मी शिडीवर होते. पन्हळीतली पानं काढत होते. डोरीननं उचलला आणि तुला सांगितलं की मी शिडीवर आहे, आणि तू म्हणे विचारलंस, "वर्न कुठाय?" तो वाढदिवसापासून इकडे फिरकलेला नाही, हे तिनं सांगितलं तेव्हा तुला जे कळायचं ते कळलं असेल. मी पत्रात लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं असतं तर लिहिलं असतं. आता आहे.

मधले शुक्रवार बरे नव्हते. त्याचं स्टूल कुणी घेईना. लोक येत होते, मासा खात होते, पण वर्नचा विषय निघाला की माझ्याकडे न बघता फळीकडे बघायचे. एकानं मला सरळ विचारलं, "ते ग्लास तू जप्त केलेस का?" म्हटलं, जपून ठेवलेत. तो म्हणाला, "दोन्ही सारखंच दिसतं."

आणि मला झोप चांगली लागत होती. हेही लिहिते. त्याच्यावाचून करमत नव्हतं, आणि झोप चांगली लागत होती. तो त्याच्या घरी आहे हे माहीत असायचं.

परवा शुक्रवारी तो आला. गर्दी सुरू व्हायच्या आधी, चारच्या सुमाराला. जुनाच शर्ट. स्टुलावर बसला, टोपी गुडघ्यावर. फळीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"तुझे ग्लास."

"माझं नाव कशाला लिहिलंस? दुसरं कोण पिणार होतं?"

"डोरीनचा भरवसा नाही."

"ऐकतेय मी," डोरीन आतून ओरडली.

त्यानं टोपी बारवर ठेवली. मग म्हणाला, "किती टिकतात असे?"

"धूळ पुसत राहिलं तर टिकतात."

"म्हणजे लोकांनी दिलेला शब्द..."

"तसाच आहे. कधीपर्यंत, ते कुणी सांगितलंय? तू शुक्रवारी येतोस. एक तू घे, एक ग्लास मी उचलते. पुढच्या शुक्रवारी पुढचा."

"आणि सगळे संपले की?"

"तेव्हा पुन्हा वाढदिवस येईल."

त्यानं डोकं खाजवलं. मला हसू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही. मग तो म्हणाला, "त्या दिवशी बुटांनी खरंच पायाची साल काढली."

"तुला मापाचे घेता येत नाहीत."

"तू चल मग बरोबर."

हे सगळं डोरीननं ऐकलं आणि आत कुणाला तरी काहीतरी बोलली. जाऊ दे.

मी त्याला एक करून दिला. पट्टी काढली. त्यानं मासा खाल्ला, एकाच ब्रँडीवर बस नाल्यात अडकल्याचा किस्सा सगळा सांगितला, अगदी शेवटपर्यंत. पोरांनी बस बाहेर काढल्यावर काय झालं ते मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. ती सगळी उशिरा पोचली आणि मुख्याध्यापकांनी वर्नलाच वर्गाबाहेर उभं केलं.

जाताना त्यानं फळीवरचा एक ग्लास उचलला. मला वाटलं आता आणखी मागतो. त्यानं नखानं पट्टीवरचं आपलं नाव खरवडलं आणि पेन मागितलं.

"लाइलला कॉफी चालते ना?"

म्हटलं, "चालत असेल. तो आता कॉफीवरच असतो, वाटतं."

"कॉफी, सरबत, काय घेईल ते. माझ्याकडून." त्यानं तुझं नाव लिहिलं. एका अक्षराचा पाय लांब गेलाय. मग ग्लास परत उपडा ठेवला, माझ्या हातून नाही, स्वतःच्या.

रविवारी तो जेवायला होता. पन्हळी त्यानं तपासल्या. मी साफ केलेल्या त्याला पसंत पडल्या नाहीत.

तुला यायचा आग्रह नाही. फक्त तुझा एक इथं आहे, हे तुला माहीत असावं.

आर्लिस


२० नोव्हेंबर, सोमवार

लाइल,

तुझं पत्र शनिवारी आलं. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, त्यामुळे बार शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटांनी भरला होता आणि मला ते वाचायला आत कोठीत जावं लागलं. तिथं बटाट्यांच्या पोत्यावर बसून वाचलं. डोरीन दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "येतोय का नाही, तेवढं सांग, मग रड." मी रडत नव्हते. कांद्याचं पोतं शेजारी होतं.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

डिसेंबरचा पहिला शुक्रवार चालेल. शिकारीचा गोंगाट तोवर संपलेला असतो. विमानतळावर वर्न येईल. तो म्हणतो, माणसं वेळेवर पोचवणं हे त्याचं काम होतं. मी सोबत येईन, म्हणजे तुम्हा दोघांना लगेच काही बोलावं लागणार नाही.

बारशेजारच्या खोलीत झोपायला नको असेल तर माझ्या घरी झोप. वरची खोली रिकामी आहे. खालच्या खोलीत कोण असतं हे तू विचारलं नाहीस, त्याबद्दल आभारी आहे.

लोकांना काय सांगायचं, असं तू विचारलंस. काही सांगायचं नाही. कुणी तुला पाजायला आलं तर मी आहे. मला आता येतं. आणि गंमत सांगू? त्याची वेळ कमी येते. फळीवर जागा उरलेली नाही. लोक स्वतःच म्हणतात, "आर्लिस, माझा आजचा वर ठेव, पुढच्या खेपेला घेतो." चार तळी पलीकडून एक जण फक्त आपलं नाव फळीवर आहे का बघायला आला. हार्लननं आपल्या बारमध्येही फळी ठोकली आणि सगळ्यांना सांगतो की ही त्याचीच कल्पना. बाईसुद्धा येऊन गेल्या, आईला घेऊन, मासा खायला. दोघी पीत नाहीत. तरी कुणीतरी बाईंच्या नावानं एक ठेवायला लावला. त्यांनी फळीवरची नावं वाचली आणि म्हणाल्या, "हे परीक्षेत कुठल्या उत्तरात बसवायचं, मला कळत नाही." म्हटलं, डोरीनच्या शेजारी बसवा.

सगळं छान आहे असं नाही. दोघं-तिघं आता इथं येत नाहीत, रस्त्यापलीकडे जातात. त्यांच्या गाड्या दिसतात.

आता शेवटचा प्रश्न. तू विचारलंयस, स्वयंपाकघराचं मागचं दार अजून आहे का, आणि तिकडून आत आलं तर चालेल का.

आहे. कडी तीच आहे, वर उचलून ढकलावी लागते. हिवाळ्यात पायरीवर मीठ टाकलेलं असतं. आत आलास की डावीकडे तळण्याची कढई. तिथं कोट काढ, थोडा वेळ उभा राहा, हवा तेवढा. कुणी तुला हाक मारणार नाही. मी त्यांना सांगून ठेवीन. तिथून मासा दिसतो आणि त्याच्याखालची फळी दिसते.

पण तुझा ग्लास पुढच्या बाजूला आहे, तो मी मागे आणून देणार नाही. ती पद्धत नाही, तुला माहीत आहे.

आज सकाळी बार बंद होता. मी सगळे ग्लास खाली काढले, फळी पुसली. तुझा धुतला, पट्टी भिजू दिली नाही. उजेडात धरून पाहिला, स्वच्छ आहे. मग परत होता तसा उपडा ठेवला. सुलटा करायचा तो माणूस समोर येऊन बसल्यावरच.

आर्लिस